सुलतानाची आई : उस्मानी दरबारातील एक अधिकारपद

नवा सुलतान गादीवर बसला की काही दिवसांतच इस्तंबूलच्या रस्त्यावरून एक मिरवणूक निघे. शहराच्या मध्यावर, आजच्या बेयाझित चौकाजवळ, जुना राजवाडा होता. तिथून ती टोपकापी राजवाड्याकडे जाई. पुढे दरबारी अधिकारी, दुतर्फा सैनिक आणि मध्ये बंद पडद्यांच्या गाडीत सुलतानाची आई. सुलतान स्वतः सामोरा येई आणि सर्वांदेखत आईच्या हाताचे चुंबन घेई. ज्या माणसापुढे वजीर आणि सेनापती जमिनीपर्यंत वाकत, तो माणूस अख्ख्या साम्राज्यात फक्त एकाच व्यक्तीपुढे वाकत असे. त्या दिवसापासून तिला ‘वालिदे सुलतान’ म्हणत. राजवाड्याचा सगळा जनानखाना तिच्या हुकमतीखाली येई, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत राज्याच्या कारभाराचा मोठा भागही येई.

ही स्त्री बहुधा कोणत्याही राजघराण्यात जन्मलेली नसे. बाल्कन प्रदेशातून, ग्रीक बेटांवरून, युक्रेनच्या गवताळ मैदानातून किंवा कॉकेशसच्या डोंगरातून पळवून अथवा विकत आणलेली ती दासी असे. आपले जन्मनाव, धर्म आणि आईबाप मागे टाकून ती राजवाड्यात येई. तिथे तिला नवे फारसी नाव मिळे, भाषा, शिवणकाम, संगीत आणि दरबारी रीत शिकवली जाई. दासी साम्राज्याची राजमाता कशी होत असे, याचे उत्तर उस्मानी घराण्याच्या वारसापद्धतीत आहे. ती पद्धत समजल्याशिवाय या स्त्रियांचे आयुष्य समजत नाही. केवळ कटकारस्थानांच्या रंगतदार कथा हाती लागतात.

सुरुवातीचे उस्मानी सुलतान शेजारच्या राजकन्यांशी लग्न करत. ओरहानने 1346 मध्ये बायझंटाइन घराण्यातील थिओडोराशी विवाह केला. पुढे बायझीद आणि दुसरा मुराद यांनी सर्बियाच्या राजकन्या केल्या. पण ज्या राज्यांशी सोयरीक करायची तीच राज्ये एकेक करून उस्मानांनी गिळली आणि पंधराव्या शतकात अशी लग्ने थांबली. यामागे धोरण होते. राजकन्या आली की तिच्यामागे बाप, भाऊ, माहेरचे सैन्य आणि गादीवरचा दावा येतो. दासीला माहेरच नसते. इस्लामी कायद्यानुसार धन्यापासून दासीला झालेले मूल स्वतंत्र आणि औरस ठरते, ती आई पुन्हा विकता येत नाही आणि धनी वारल्यावर ती मुक्त होते. त्यामुळे वंश चालू राहण्यात कायद्याची अडचण नव्हती आणि सासरवाडीचा उपद्रवही नव्हता.

याला आणखी एका नियमाची जोड होती. एखाद्या दासीला मुलगा झाला की सुलतानाशी तिचा शय्यासंबंध सहसा संपे. एका आईला एकच मुलगा. कारण गादीसाठी भावाभावांत लढाई ठरलेलीच होती आणि दुसऱ्या मेहमेदाच्या कायद्याने विजयी भावाला बाकीच्या भावांना मारण्याची मुभा दिली होती. एकाच आईचे दोन मुलगे असते तर तिने कोणाची बाजू घ्यायची? राजपुत्र वयात आला की त्याला मनिसा, अमास्या, कोन्या अशा एखाद्या प्रांताचा कारभारी म्हणून धाडत, आणि आई त्याच्याबरोबर जाई. तिथे त्याचे घर ती सांभाळी, त्याच्या भोवतालच्या माणसांवर नजर ठेवी आणि राजधानीत त्याचे हितचिंतक जोडून ठेवी. मुलगा गादीवर आला तर ती राजमाता. हरला तर मुलगा फासावर आणि तिचे आयुष्य एखाद्या गावी विस्मृतीत.

दोन्ही वाटा एकाच पिढीच्या अंतराने दिसतात. सुलेमानची आई हाफ्सा त्याच्यासोबत मनिसाला राहिली. 1520 मध्ये तो सुलतान झाला. तिने मनिसात मशीद, मदरसा आणि अन्नछत्र उभारले, आणि 1534 मध्ये ती मोठ्या सन्मानात वारली. सुलेमानचा मुलगा मुस्तफा याची आई माहिदेव्रान हिनेही तेच सगळे केले होते. ती मुस्तफाबरोबर प्रांतात गेली, त्याला जपले, सैन्यात तो लोकप्रिय झालेला पाहिला. 1553 मध्ये बापाच्याच हुकमाने मुस्तफाचा गळा आवळला गेला. माहिदेव्रान त्यानंतर बुर्सात जवळजवळ तीन दशके जगली. काही काळ तर तिची पैशांचीही ओढाताण होती. पुढे सुलेमानचा वारस दुसरा सलीम याने तिला तनखा बांधून दिला. हाफ्साच्या मानमरातबाकडे पाहताना माहिदेव्रानचा तो एकाकी बुढापा डोळ्यांआड करता येत नाही. एकाच खेळाचे ते दोन निकाल होते.

एका आईला एकच मुलगा हा जुना नियम मोडला तो सुलेमान आणि त्याची दासी हुर्रेम यांनी. सुलेमानने हुर्रेमशी रीतसर लग्न केले. तिला एकाहून अधिक मुलगे झाले आणि ती मुलांबरोबर प्रांतात न जाता राजधानीत सुलतानाजवळ राहिली. ती 1558 मध्ये, सुलेमानच्या आठ वर्षे आधी वारली. म्हणजे उस्मानी इतिहासातली सर्वांत गाजलेली स्त्री राजमाता कधी झालीच नाही. पण तिच्यामुळे सत्तेची जागा बदलली. राजघराण्यातल्या स्त्रिया दूरच्या प्रांतांऐवजी राजधानीत, दरबारापासून हाकेच्या अंतरावर राहू लागल्या.

‘वालिदे सुलतान’ हे बिरुद नियमितपणे वापरात आले ते नूरबानूपासून. ती दुसऱ्या सलीमची पत्नी आणि तिसऱ्या मुरादची आई. तिला कोणी व्हेनिसच्या खानदानी घरातली मानतात, कोणी कोर्फूची ग्रीक मुलगी. डिसेंबर 1574 मध्ये सलीम वारला तेव्हा मुराद मनिसाला होता. तो येईपर्यंत नूरबानूने मृत्यूची बातमी बाहेर फुटू दिली नाही आणि शव बर्फात ठेवले. गादी रिकामी आहे हे कळले असते तर राजधानीत दंगा उसळला असता. त्या काही दिवसांत साम्राज्याची किल्ली व्यवहारात तिच्याच हाती होती. नंतरच्या नऊ वर्षांत तिने व्हेनिसशी पत्रव्यवहार ठेवला आणि त्या प्रजासत्ताकाला दरबारात तिचा आधार वाटत राहिला. 1583 मध्ये ती वारली आणि आयासोफियाच्या आवारात सलीमच्या शेजारी तिचे दफन झाले. सुलतानाच्या थडग्याशेजारी जागा मिळालेली ती पहिली दासी-राणी.

तिची सून साफिये 1595 मध्ये राजमाता झाली. तिसरा मेहमेद गादीवर आला त्याच दिवसांत त्याच्या एकोणीस भावांना ठार करण्यात आले. त्यांतले काही अगदी लहान होते. राजवाड्यातून एकोणीस जनाजे निघाले आणि शहर हादरले. प्रत्येक जनाज्यामागे जनानखान्यातली एक आई होती. त्यांची नावे इतिहासाने फारशी नोंदवलेली नाहीत, आणि राजमातेच्या वैभवाबद्दल लिहिताना ही बाजू सोडून देणे हा अन्याय ठरेल.

साफियेच्या काळात हे पद पूर्ण बहरात आले. तिचा रोजचा तनखा 3000 अकचे (चांदीची नाणी) होता. बड्या बड्या अधिकाऱ्यांचे वेतन त्याच्या आसपासही नव्हते. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ आणि साफिये यांच्यात पत्रे व भेटवस्तूंची देवाणघेवाण झाली. 1599 मध्ये लंडनहून तिच्यासाठी एक घोडागाडी आली आणि तीत बसून ती शहरात फिरू लागली. राजमाता स्वतः बाहेर व्यवहार करू शकत नसे. म्हणून बाहेरच्या जगाशी व्यापार, जवाहीर आणि निरोप यांसाठी ‘किरा’ नावाच्या मध्यस्थ स्त्रिया असत. त्या बहुधा यहुदी असत. साफियेची किरा एस्पेरान्झा माल्की 1600 मध्ये बंडखोर घोडेस्वारांच्या हातून मारली गेली. घोडेस्वारांचा राग खोट्या नाण्यांत मिळालेल्या पगारावर होता आणि खरे लक्ष्य राजमाता होती. तिच्यापर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून तिच्या माणसाचा बळी गेला.

राजमातेचे घर म्हणजे एक लहानसे सरकारच होते. टोपकापीच्या जनानखान्यात तिचे दालन बरोबर मध्यभागी होते. तिच्या चौकातून गेल्याशिवाय कुणाला सुलतानाच्या खासगी भागाकडे जाता येत नसे. तिच्याकडे खजिनदार स्त्री, कारभारी स्त्रिया, शिक्षिका आणि सेवेतल्या दासींच्या पायऱ्या होत्या. बाहेरच्या जमिनी व धर्मादाय संस्था पाहायला पुरुष मुनीम असे. जनानखान्याचा मुख्य आफ्रिकी खोजा हा तिचा बाहेरचा आवाज. साम्राज्याच्या निरनिराळ्या प्रांतांतल्या जमिनींचा महसूल तिच्या नावे लावलेला असे आणि त्याला ‘पाशमाकलिक’, म्हणजे चपलांसाठीचा खर्च, असे म्हणत. नाव नम्र होते, पण त्यावर शहराच्या अर्ध्या वस्तीला पुरेल अशी बांधकामे उभी राहिली. काही वर्षे सेवा झालेल्या दासींना मुक्त करून, हुंडा देऊन दरबारात वाढलेल्या अधिकाऱ्यांशी त्यांची लग्ने लावणे हेही तिचेच काम. अशा प्रत्येक लग्नातून तिच्याशी इमान राखणारे एक घर तयार होई. सुलतानाच्या बहिणी आणि मुलींची लग्ने वजिरांशी लागत, त्यांतही तिचाच शब्द चाले. लग्नसंबंधांतून विणलेले हे जाळे पाहिले की तिच्या सत्तेचा पाया कळतो. सुलतानाच्या कानाला लागून केलेली कुजबूज एवढीच तिची ताकद होती, असे म्हणणे अज्ञानाचे आहे.

सतराव्या शतकात वारसापद्धत पुन्हा बदलली. 1603 मध्ये पहिला अहमद तेरा वर्षांचा असताना गादीवर आला आणि त्याने आपल्या भावाला मारले नाही. राजपुत्रांना प्रांतात पाठवणेही बंद पडले. ते आता राजवाड्यातच बंद दालनांत वाढू लागले. त्यामुळे लहान, अननुभवी, कधी मानसिकदृष्ट्या दुबळे सुलतान गादीवर येऊ लागले आणि कारभार कोणीतरी चालवणे भाग पडले. ते ‘कोणीतरी’ म्हणजे आई. जुन्या इतिहासकारांनी या काळाला ‘स्त्रियांची सल्तनत’ म्हणून नाक मुरडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अहमद रफीक याने हे नाव पुस्तकातून लोकप्रिय केले. साम्राज्याच्या ऱ्हासाचे खापर त्याने जनानखान्यावर फोडले. पुढे 1993 मध्ये लेस्ली पियर्स या अभ्यासिकेने शाही जनानखान्यावर ग्रंथ लिहून दाखवून दिले, की ही सत्ता चोरलेली नव्हती, घराण्याच्या रचनेतूनच ती आली होती. या काळातल्या दोन राजमाता कोसेम आणि तुरहान यांची आयुष्ये पाहिली तर पियर्सचेच म्हणणे पटते.

कोसेम बहुधा ग्रीक होती आणि पहिल्या अहमदची लाडकी राणी झाली. 1617 मध्ये अहमद वारला. त्यानंतरच्या सहा वर्षांत गादी चार वेळा फिरली. त्यात दुसऱ्या उस्मानला 1622 मध्ये त्याच्याच सैनिकांनी ठार मारले. 1623 मध्ये कोसेमचा मुलगा चौथा मुराद अकरा वर्षांचा असताना सुलतान झाला आणि कोसेम उघडपणे राज्यप्रतिनिधी झाली. तिच्या वाट्याला आलेला काळ भयंकर होता. बगदाद इराणच्या सफवींनी घेतले, एर्झुरूमला आबाझा पाशाचे बंड होते, तिजोरी रिकामी होती आणि पगारासाठी सैन्य राजवाड्याच्या दाराशी गर्जत होते. ती वजिरांना पत्रे लिहून पगार, रसद, आघाडी यांबद्दल विचारत असे. 1632 मध्ये मुरादने कारभार स्वतःच्या हाती घेतला आणि तो कठोर, विजयी सुलतान झाला. त्याने बगदाद परत घेतले. पण याच मुरादने आपल्या भावांना एकेक करून मारले. 1638 मध्ये मारलेला कासिम हा कोसेमच्याच पोटचा. एका मुलाने दुसऱ्याला मारले आणि आईला दोघांपैकी जिवंत राहिलेल्याची बाजू सांभाळून घ्यावी लागली.

1640 मध्ये मुराद वारला. घराण्यात एकच पुरुष उरला होता, कोसेमचा उरलेला मुलगा इब्राहिम. बंद दालनात मृत्यूची वाट पाहत वाढलेला इब्राहिम गादी स्वीकारायला तयार होईना. हा आपल्याला बाहेर काढून मारण्याचा डाव आहे, असे त्याला वाटले. मुरादचे शव प्रत्यक्ष पाहिल्यावरच त्याचा विश्वास बसला. वंश चालवण्याची सगळी जबाबदारी आता कोसेमवर होती आणि 1642 पासून इब्राहिमला मुलगे झाले तेव्हा घराणे वाचले. इब्राहिमची मनःस्थिती मात्र बिघडत गेली. त्याने आईलाही राजवाड्याबाहेर पाठवले. क्रीट बेटासाठी व्हेनिसशी चाललेली लढाई रेंगाळली, उधळपट्टीने लोक कंगाल झाले. ऑगस्ट 1648 मध्ये जॅनिसरी सैन्य आणि उलेमा यांनी त्याला पदच्युत करायचे ठरवले तेव्हा ते कोसेमकडे आले. राजवाड्याच्या आतल्या दरवाजात ती त्यांच्याशी बराच वेळ वाद घालत राहिली. इतिहासकार नाइमाने हा प्रसंग विस्ताराने लिहून ठेवला आहे. शेवटी ती कबूल झाली आणि सहा वर्षांच्या नातवाला, चौथ्या मेहमेदला, हाताला धरून बाहेर घेऊन आली. दहा दिवसांनी फतव्याच्या आधारे इब्राहिमचा गळा आवळण्यात आला. मुलाच्या पदच्युतीला आईने संमती दिली म्हणून तिला निष्ठुर म्हटले गेले. घराणे आणि राज्य वाचवायला दुसरा मार्ग तिच्यापुढे नव्हता, हे त्या प्रसंगाचे वर्णन वाचणाऱ्याला मान्य करावे लागते.

रूढीप्रमाणे आता कोसेमने जुन्या राजवाड्यात जायचे आणि मेहमेदच्या आईने राजमाता व्हायचे. मेहमेदची आई तुरहान तेव्हा विशीच्या सुरुवातीला होती. रशियन-युक्रेनी प्रदेशातून तातार हल्लेखोरांनी तिला पळवून आणले होते आणि ती कोसेमच्याच सेवेत वाढली होती. दरबारातल्या मातब्बरांनी अनुभवी कोसेमलाच कारभारावर ठेवले. एका राजवाड्यात दोन राजमाता आल्या. कोसेमच्या बाजूला जॅनिसरींचे सरदार, तुरहानच्या बाजूला जनानखान्यातले खोजे. मेहमेदला बाजूला सारून दुसऱ्या नातवाला गादीवर बसवायचा कोसेमचा बेत होता. तिच्या मेलेकी नावाच्या दासीने तो तुरहानला सांगितला. 2 सप्टेंबर 1651 च्या रात्री खोजा सुलेमान आगाच्या माणसांनी कोसेमला तिच्या दालनात शोधून गळा दाबून मारले. तीन सुलतानांच्या कारकिर्दी तिने सांभाळल्या होत्या. कैदेतल्या कर्जदारांचे कर्ज फेडून त्यांना सोडवणे, गरीब मुलींना हुंडा देणे यासाठी ती शहरात प्रसिद्ध होती आणि इस्तंबूलच्या लोकांनी तिचा मनापासून शोक केला. उस्कुदारची तिची चिनीमातीच्या फरशांची मशीद आजही उभी आहे.

तुरहान या हत्येने सत्तेवर आली, पण तिने सत्ता वापरली ती वेगळ्या रीतीने. पहिली पाच वर्षे कठीण गेली. 1656 च्या वसंतात बंडखोर सैनिकांनी तिचे विश्वासू अधिकारी मारून एका चिनार झाडावर टांगले, आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या आरमाराने डार्डेनेल्सची सामुद्रधुनी अडवली. राजधानीत धान्य महाग झाले. सप्टेंबरमध्ये तिने सत्तरी ओलांडलेल्या कोप्रुलू मेहमेद पाशाला मुख्य वजीर नेमले. आपल्या कामात कोणी ढवळाढवळ करणार नाही, ही त्याची अट तिने मान्य केली. सत्ता हाती असताना ती योग्य माणसाच्या स्वाधीन करून मागे सरणे फार थोड्यांना जमते. तुरहानला ते जमले, आणि पुढची दोन-तीन दशके साम्राज्य सावरले ते कोप्रुलू घराण्याच्या कारभारामुळे. माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

मागे सरली तरी ती निष्क्रिय झाली नाही. सामुद्रधुनीच्या तोंडाशी सेद्दुलबहीर आणि कुमकाले हे दोन किल्ले तिने स्वतःच्या पैशाने बांधवले. मशिदी बांधणाऱ्या स्त्रिया अनेक होत्या, सरहद्दीचे किल्ले बांधणारी ही एकच. यांतला सेद्दुलबहीर 1915 च्या गॅलिपोलीच्या लढाईत इंग्रज सैन्य किनाऱ्यावर उतरले त्या जागी होता. साफियेने 1597 मध्ये एमिनोन्यू बंदरावर सुरू केलेली आणि तिचा मुलगा वारल्याने अर्धवट पडलेली मशीद तुरहानने 1660 च्या दशकात पुरी केली. तीच आजची येनी जामी. तिच्या खर्चासाठी शेजारी बाजार बांधला, तो आज पर्यटकांना मसाल्यांचा बाजार म्हणून माहीत आहे. या बांधकामासाठी 1660 च्या आगीनंतर तिथली यहुदी वस्ती हलवण्यात आली, हेही तितकेच खरे. तुरहान ऑगस्ट 1683 मध्ये वारली, व्हिएन्नापुढे उस्मानी सैन्याचा पराभव होण्याच्या काही आठवडे आधी.

तिच्यानंतर राजमाता राज्यप्रतिनिधी झाली नाही, कारण पुढे बहुतेक सुलतान प्रौढपणी गादीवर आले. पदाचा मान आणि उत्पन्न मात्र राहिले. दुसऱ्या महमूदची आई नक्शीदिल ही फ्रेंच मुलगी एमे होती, ही कहाणी युरोपात फार आवडीने सांगितली गेली. तिला पुरावा नाही. एकोणिसाव्या शतकात राजमाता बेझ्मीआलेम हिने 1845 मध्ये सुवर्णशृंग खाडीच्या तोंडावर पहिला गलाता पूल बांधवला, परक्या व गरीब रुग्णांसाठी गुरेबा रुग्णालय काढले आणि मुलांसाठी शाळा सुरू केली. ते रुग्णालय आज तिच्याच नावाच्या विद्यापीठाला जोडलेले आहे. अब्दुलअझीझची आई पेर्तेव्नियाल हिचे नाव लावणारी शाळाही इस्तंबूलमध्ये चालू आहे. बाजार, रुग्णालय, शाळा, पूल हे या स्त्रियांचे काम आहे. ते कटकारस्थानांच्या गोष्टींहून जास्त टिकले.

शेवटची वालिदे सुलतान रहीमे पेरेस्तू ही दुसऱ्या अब्दुलहमीदची जन्मदात्री नव्हती. लहानपणी आई गेल्यावर तिने त्याला वाढवले होते आणि त्याने तिलाच तो मान दिला. ती त्याच्याच कारकिर्दीत वारली. त्याच्यानंतर आलेल्या दोन्ही सुलतानांच्या आया ते गादीवर येण्याच्या कित्येक दशके आधीच वारल्या होत्या. त्यामुळे पद रिकामेच राहिले, आणि 1 नोव्हेंबर 1922 रोजी अंकाराच्या राष्ट्रीय सभेने सल्तनतच बरखास्त केली.